फोटोतून कापलेला माणूस

आमच्या सातारा-सांगलीकडं माणसाचं काही बरं झालं की सत्कारातून त्याची सुटका नसते. पोरगं बोर्डात आलं, घाला शाल. म्हशीनं प्रदर्शनात नंबर काढला, घाला मालकाला शाल. म्हशीला घालत नाहीत एवढंच नशीब. पण ज्यानं अजून काही केलेलंच नाही, नुसतं करणार आहे, त्याचाही सत्कार? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, म्हणतात ते हेच. अंजनाच्या बाबतीत लोकांनी नेमकं तेच केलं, आणि वर तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालची शिडी काढून घेतली.

अंजना सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. वय पस्तिशीच्या पुढं, लग्न केलं नव्हतं, विश्रामबागेत चारुशीलाकाकूंच्या माडीवर दोन खोल्यांत एकटी राहायची. मूळची उंब्रजची, बौद्ध वस्तीतली, आबा ड्रायव्हरची एकुलती एक लेक. आबानं जन्मभर कराड डेपोची एसटी चालवली आणि पोरीला शिकवली. आई लहानपणीच गेलेली.

शहाण्णव साली परदेशातल्या एका कंपनीनं जाहिरात दिली. तोवर अंतराळात गेले ते बहुतेक सगळे फौजेतले वैमानिक नाहीतर सरकारी शास्त्रज्ञ. या कंपनीला साधी माणसं न्यायची होती. विमानासारखंच यान, त्याच्या पोटात रॉकेट, आभाळ काळं दिसतं तिथवर वर जायचं, चार-पाच मिनिटं अधांतरी तरंगायचं आणि परत धावपट्टीवर उतरायचं. जगभरातून हजारोंनी अर्ज केले. अंजनानं केला तो गंमत म्हणून. गंमत गंमत करता ती मुंबईच्या मुलाखतीतून पास झाली, तिकडं जाऊन वैद्यकीय तपासण्यांतून पास झाली, आणि शेवटी निवडलेल्या चौघांत तिचं नाव आलं.

मग काय विचारता! कॉलेजनं सत्कार केला, मग महिला मंडळानं, मग सहकारी बँकेनं, मग जतहून एका हायस्कूलची जीप तिला न्यायला आली. म्हसवडला तर तिची बैलगाडीतून मिरवणूक काढली, आणि बैल बँडला बुजून भलत्याच गल्लीत शिरले. शाली कपाटात मावेनात, नारळ काकूंच्या स्वयंपाकघरात. खोली देताना ज्या काकूंनी "तुमच्याकडे मांसमच्छी होत असेल, नाही?" असं चार वेळा विचारून घेतलं होतं, त्याच आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या अंजनाताई. वर जाणारेत. म्हणजे तसं वर नव्हे हो!"

आणि मग पीटर मेला.

पीटर म्हणजे त्या यानाचा चाचणी वैमानिक. तपासणीच्या वेळी अंजना आठवडाभर तिकडं होती, तेव्हा तोच या चौघांना सगळं दाखवत फिरायचा. मोठ्या अंगाचा, कानाशी केस पिकलेला, सतत हसणारा माणूस. अंजनानं सोबत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पीटरनं हट्टानं चटणी चमचाभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि तरी दुसऱ्या दिवशी परत मागायला आला. जाताना त्यानं तिला सांगितलं होतं, आधी मी एकटा वर जाऊन येतो, मग तुम्हाला नेतो, काळजी करू नका. त्या आठवड्यातला एक फोटो होता, चौघं जण आणि मधोमध पीटर. इथल्या पेपरात तो छापून आला तेव्हा आबानं मूळ फोटो मागून घेतला आणि फ्रेम करून घरात लावला.

पीटर एकटाच वर गेला आणि परत आला नाही. यान आभाळातच जळालं. इथल्या पेपरात चार ओळींची बातमी आली, आतल्या पानावर, हळदीच्या भावाच्या खाली. अंजनाला ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दिसली. समोर बसलेल्या बाई पोळीचा डबा उघडत होत्या आणि अंजनाला "घ्या ना, मेथीची भाजी आहे" म्हणत होत्या. तिनं भाजी घेतली. खाल्लीही.

दोन दिवसांनी काकूंच्या घरी फोन आला. अंजनाकडं फोन नव्हता, काकूंचाच नंबर पीपी म्हणून दिलेला. काकू शेजारी उभ्या, हातात पळी. पलीकडून कंपनीची बाई बोलत होती. दोष सापडलाय, दुसरं यान तयार होईल, पुढच्या वर्षी उड्डाण नक्की. पण ज्यांना माघार घ्यायची आहे त्यांनी महिनाअखेरपर्यंत सांगावं, कुणी नावं ठेवणार नाही. चौघांतल्या दोघांनी माघार घेतलीसुद्धा.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"तारीख पुढं गेली," अंजना म्हणाली.

"अगंबाई, बरंच झालं. आमच्या भिशीतल्या बायकांचा सत्कार राहिलाय अजून."

त्या दिवसापासून अंजनाचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. सांगणार कुणाला? कॉलेजात सांगावं तर तासाभरात गावभर. काकूंना सांगावं तर त्या हाय खातील, आणि खाऊन झाल्यावर भिशीत वाटतील. ती शिकवायला उभी राहायची, फळ्यावर गुरुत्वाकर्षणाचं सूत्र लिहायची, आणि मागून पोरी कुजबुजायच्या की आपल्या मॅडम यातून सुटून जाणारेत. आणि मॅडम? ती भ्याली होती. साधं आहे, माणूस होती म्हणून भ्याली होती. रोज वाटायचं, फोन करावा आणि सांगावं, नको बाई. रोज हात मागं यायचा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. एकटं राहायची तिला सवय होती, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण हे एकटेपण निराळं होतं. गर्दी वाढेल तसं ते वाढत होतं.

आणि हात मागं यायचं खरं कारण होतं आबा.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. आबा ड्रायव्हरनं पस्तीस वर्षं अख्ख्या तालुक्याला नेलं-आणलं. गावच्या लग्नाची वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी दवाखान्याच्या दारात वळवली आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पण गावच्या कार्यक्रमात आबा उभा असायचा तो मागं, लिंबाच्या झाडाखाली. पुढं ये असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि तोही गेला नाही. अंजनाचं नाव पेपरात आलं आणि सरपंच सयाजीराव स्वतः वस्तीत आले. म्हणाले, "आबा, सत्कार गावाचा. तुमी स्टेजवर, माज्या शेजारी." आबानं ते अंजनाला फोनवर दोन-दोनदा सांगितलं. त्यानं नवं धोतर घेतलं होतं. जन्मभर खाकी पँट घातलेला माणूस, त्याला धोतर नेसता येईना, म्हणून शेजारच्या रंगुबाईच्या म्हाताऱ्याकडून शिकून घेतलं.

त्या खुर्चीतून बापाला कसं उठवायचं? गावात म्हणतील, भ्याली. म्हणतील, शेवटी वस्तीतलीच. असलं बोलायला लोकांना निमित्तच लागतं. तर महिनाअखेरच्या रविवारी, उंब्रजच्या सत्काराला, अंजना एसटीत बसली ती एवढंच ठरवून, की आज आबाला सांगायचं. काहीही होवो.

पण स्टँडवर हलगी वाजत होती. घरी जायला मिळालंच नाही. पोरांनी तिला उचलून शाळेच्या मैदानावर नेलं. दुपारची वेळ, पिवळा मांडव, मागं पेंटरनं पत्र्यावर काढलेलं रॉकेट, त्याला खिडकी आणि खिडकीत अंजना, डोक्यावर पदर घेतलेली. आबा सरपंचांच्या शेजारी बसला होता, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. लेकीला बघून तो हसला. ते हसू अंजनाला जरा ओढून आणल्यासारखं वाटलं. तिनं मनात म्हटलं, बुजलाय.

भाषणं झाली. कुणी म्हणालं अंजनाताई चंद्रावर जाणार, पुढच्यानं तिला सूर्यापर्यंत नेलं. पुढच्या रांगांतून टाळ्या पडत होत्या. डाव्या अंगाला वस्तीतल्या बाया बसल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून, आणि त्यांतली एकही टाळी वाजवत नव्हती. नुसत्या तिच्याकडं बघत होत्या. शेवटी तिच्या हातात माईक आला. तिनं समोर बघितलं आणि तिला एकाएकी वाटलं, बास झालं.

"मला खरं सांगायचं आहे," ती म्हणाली. "आम्हाला नेणार होता तो माणूस मेला. यान जळालं. मला भीती वाटते. मी जाईन की नाही, मला माहीत नाही."

लगेच सूत्रसंचालक नाथाजी गुरुजींनी माईक अलगद काढून घेतला. "ऐकलंत मंडळी? याला म्हणतात विनय! मोठी माणसं असंच बोलतात. मला भीती वाटते, म्हणाल्या! अहो, भीती वाटणारा माणूस तिथवर पोचतो होय? एकदा जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या की हो. सयाजीरावांनी शाल घातली, हलगी कडाडली, फोटो निघाला. अंजनानं आबाकडं बघितलं. आबा मान खाली घालून धोतराची निरी चाचपत होता. उभं गाव समोर होतं आणि तिचं एक अक्षर कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. जन्मात तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

जेवणावळीचं निमित्त करून ती निसटली आणि घरी आली. दाराला नुसती कडी. आत तेच कौलारू घर, तीच खाट, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर आणि त्यांच्या शेजारी तो फ्रेमचा फोटो. ती जवळ गेली आणि थबकली. फोटोत चौघं जण होते. मधोमध माणूस नव्हता. काचेच्या आत, पीटर उभा होता तिथं, कात्रीनं कापलेलं भोक होतं आणि त्यातून मागचा पुठ्ठा दिसत होता. दोघांच्या खांद्यांवर पीटरचे हात मात्र तसेच राहिले होते.

"आलीस व्हय अंजे?" मागून रंगुबाई आली. अंजनाला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली म्हातारी. तिनं अंजनाची नजर बघितली आणि जीभ चावली.

"मावशी, ह्यातला मानूस कुटं गेला?"

रंगुबाई आधी पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आता ठावं झालंच हाय तुला, स्टेजवरच बोललीस, म्हून सांगती. मेलेल्या मानसाच्या पुन्यानुमोदनाला फोटू लागतो न्हवं? त्या गोऱ्या पाव्हन्याचा दुसरा फोटू कुटनं आननार? आबानं ह्यातनंच कापला."

"कुणाचं पुण्यानुमोदन?"

"त्याचंच की. ईमानवाल्याचं. विहारात केलं आबानं, मागच्या पुनवंला. मेनबत्त्या लावल्या, पंचशील झालं, खीर केलती. आबा म्हनला, माज्या पोरीच्या आदी तो वर गेला, माज्या पोरीच्या वाटचं मरान त्यानं घेतलं. त्याला हितं कोन हाय? आपुनच हाय. सगळी वस्ती आलती. बाया रडल्या बी. पर आबानं सगळ्यांस्नी शपत घातली, अंजीला कुनी बोलायचं न्हाई. तिला ठावं न्हाई, ती भिईल."

अंजना खाटेवर बसली ती बसलीच. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदम आलं. इकडं ती आबाला कळू नये म्हणून महिनाभर जळत होती, आणि तिकडं आबानं अख्खी वस्ती तोंडाला कुलूप लावून बसवली होती. म्हणून त्या बायांच्या टाळ्या नव्हत्या. सुतक पाळावं तशा पांढऱ्या साड्या नेसून बिचाऱ्या सत्काराला बसल्या होत्या.

ऊन कलायच्या सुमाराला आबा आला. अंगणात चप्पल काढली, धोतराचा सोगा सावरला, आणि लेक फोटोखाली बसलेली बघून उंबऱ्यातच उभा राहिला.

"मला वाटलं तुला ठावं न्हाई," तो म्हणाला.

"आन मला वाटलं तुमास्नी ठावं न्हाई."

"रोज पेपर वाचतो मी. हळदीच्या भावासकट." आबा तिच्याशेजारी बसला. "सरपंचास्नी सांगून परोग्राम बंद करायचा हुता. पर मग तुला कळलं आसतं. आन... खोटं कशाला बोलू, खुर्ची बी ग्वाड लागली, पोरी. तिच्यावर बसलो आन निस्ता घाम. वाटलं, पोरगी इकून बसलोय हितं."

"आसं बोलू नका, आबा."

"खरं त्ये खरं."

बाहेर रंगुबाईची कोंबडी कुडाशी उकरत होती. मग अंजनानं महिनाभर गिळलेला प्रश्न एकदाचा विचारला. "आबा, मी जाऊ का नको?"

तिला उत्तर माहीत होतं. तेच तिला हवं होतं. या महिन्याभरात एकानं तरी तिला "नको जाऊस" म्हणावं म्हणून तिचा जीव तळमळत होता. कुणीतरी म्हणावं आणि आपण मोकळं व्हावं.

"नगं जाऊ," आबा म्हणाला. लगेच म्हणाला. त्याचे डोळे भरले. "न्हाई जायचं. आई न्हाई तुला, मला दुसरं कोन न्हाई. काय करायचंय आभाळात जाऊन?"

आणि झालं भलतंच. अंजनाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटेना. आता आपण जाणार नाही, ते काळं आभाळ दिसणार नाही, पीटर जिथं गेला तिथवर आपण कधीच पोचणार नाही, असं मनात आलं आणि तिला ते सोसेना. इतके दिवस सगळी जा जा म्हणत होती, म्हणून तिला स्वतःला जायचंय की नाही हेच ऐकू येत नव्हतं. आता ऐकू आलं. तिला जायचं होतं. भीती तशीच होती, तसूभर कमी झाली नव्हती. पण जायचं होतं.

आबा तिच्या तोंडाकडं बघत होता. पस्तीस वर्षं आरशात मागच्या गर्दीची तोंडं बघितलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

"बापाला इच्यारलंस, बापानं सांगितलं," तो हळू म्हणाला. "बाप दुसरं काय सांगनार? पर खंबाटकीच्या घाटात मी रोज गाडी घालायचो तवा तुजी आई मला जाऊ नगं म्हनायची न्हाई. म्हनायची, मला ठावं आसू दे कुटं हाईस ते. येवडंच." त्यानं धोतराच्या टोकानं नाक पुसलं. "चल, हायवेवर एसटीडी हाय. आयएसडी बी लागतो तितनं."

बूथ टपरीएवढा होता, एका माणसापुरता. अंजना आत शिरली, काचेचं दार ओढून घेतलं. आबा बाहेर उभा राहिला, नव्या धोतरात, ट्रकांच्या धुरळ्यात, दाराला पाठ करून. फोन लागायला वेळ लागला. पलीकडं तीच बाई होती. अंजना फार बोलली नाही.

ती बाहेर आली तेव्हा आबानं मान न वळवता विचारलं, "काय म्हनलीस?"

"व्हय म्हनले."

आबानं मान हलवली. "च्या घिऊया," तो म्हणाला. दोघांनी तिथंच उभ्यानं चहा घेतला.

आता पुढचं ऐका. पुढच्या वर्षी उड्डाण झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कंपनीचं भांडवल आटलं, मग ती बंदच पडली. अंजनाला एकदा फोन आला, चार गोड शब्द आले, संपलं. काकूंच्या बोलण्यात "आमच्या अंजनाताई"च्या परत "वरच्या भाडेकरूबाई" झाल्या. पेंटरनं काढलेलं रॉकेट शाळेच्या वळचणीला दोन पावसाळे भिजलं, मग कुणीतरी त्याचे पत्रे गोठ्यावर घातले. सयाजीरावांच्या शेजारची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली आणि आबा परत लिंबाच्या झाडाखाली उभा राहू लागला. गाव विसरलं असतं तर बरं, पण गाव असलं काही विसरत नाही. अंजना आपली सांगलीत फळ्यावर तेच सूत्र लिहीत राहिली. कधी रात्री गच्चीवर जाऊन उभी राहायची, आभाळाकडं बघायची. आपण एकदा हो म्हणालो होतो, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस जवळ कुणी नाही, याचं तिला वाईट वाटायचं.

एका रविवारी ती उंब्रजला एसटीतून उतरली. स्टँडसमोरच्या हॉटेलात आबा बाकड्यावर बसला होता, तिच्याकडं पाठ, खाकी पँट, पेपर उघडलेला. पलीकडं नाथाजी गुरुजी आणि आणखी दोघं.

"काय आबा," गुरुजी हसत म्हणाले, "शेवटी पोरगी भ्यालीच म्हणायची. शाली मात्र गेल्या आमच्या!"

बाकीचे दोघं हसले. अंजना रस्त्यातच थांबली.

आबानं पेपराची शांतपणे घडी घातली. "व्हय गुरुजी," तो म्हणाला. "भ्याली हुती. तुमच्या म्होरं, तुमच्याच माईकवर सांगितलंतं तिनं, मला भ्या वाटतंय म्हून. तुमी टाळ्या वाजवल्या. मग मी बी तिला नगं जाऊ म्हनलो. रडलो तिच्या म्होरं. मानूस मेलेला तिला ठावं हुतं, त्याचा फोटू माज्या घरात कापलेला हुता. आन तरी ती त्या समोरच्या बूथात गेली आन व्हय म्हनून आली. मी भाईर हुबा हुतो." त्यानं चहाचा ग्लास उचलला. "ईमान उडलं न्हाई, त्येला ती काय करनार?"

हॉटेलवाल्यानं उगाच फडकं मारलं. अंजना पिशवी सावरून पुढं झाली आणि आबाच्या शेजारी बाकड्यावर बसली. तिला बघून आबा जरा बावरला, मग सरकून तिला जागा दिली आणि आणखी एक चहा सांगितला.